कळलेला हात

डॉर्कस पिलिंगची बोटं गेल्या हिवाळ्यात बिघडली. आधी उजव्या हाताचं मधलं बोट दुखायला लागलं, मग त्याचा सांधा सुजला आणि सुजलेलाच राहिला. सकाळी उठलं की हात लाकडाचा. गरम पाण्याच्या भांड्यात अर्धा तास बुडवून ठेवावा तेव्हा कुठे मूठ वळायची. दुसरी एखादी बाई म्हणाली असती, चला, वय झालं, बावन्न काही कमी नाही. पण डॉर्कसचं सगळं पोट त्या बोटांवर होतं. लंडनच्या नाटकगृहांच्या दारात, खालच्या बाकांसाठी रेटारेटी करणाऱ्या गर्दीत उभं राहून तीस वर्षं ती लोकांचे खिसे हलके करत आली होती.

चोर म्हणा. तीही स्वतःला चोरच म्हणायची, गोड शब्द शोधत बसायची नाही. पण चौदाव्या वर्षी ती खेड्यातून आली ती मोलकरीण म्हणून. मालकिणीच्या झालरी शिवायची, आणि त्या अशा बारीक टाक्याने, की पाहुण्या बायका त्या उलटवून बघायच्या. मग एक दिवस चांदीचा चमचा गेला. तो घरच्याच लाडक्या लेकाने जुगारात घालवला होता, हे स्वयंपाकघरापासून तबेल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. बाहेर पडली डॉर्कस, हातात शिफारसपत्र नाही. शिफारसपत्र नसलेल्या मोलकरणीला या शहरात कोणी उंबऱ्याला उभं करत नाही. पुढे लग्न झालं, तर नवऱ्याला आरमाराच्या माणसांनी गुत्त्यातून जबरदस्तीने उचलून जहाजावर घातलं आणि तो समुद्रातच राहिला. उरली ती बारीक टाक्याची बोटं. आता कोणी मला शहाणपण शिकवायला येईल की कष्ट करून खायचं होतं. करत होती कष्ट. चमचा कोणी घेतला ते आधी विचारा.

तिचा धंदा असा. दुपारी चारला दार उघडायचं. त्याच्या तासभर आधीपासून माणसं एकमेकांच्या छातीला छाती लावून उभी. सरदारांचे नोकर, वकिलांचे कारकून, दुकानदार आणि त्यांच्या बायका. तेवढ्यात कोणी भला माणूस ओरडतो, "खिसे सांभाळा हो!" आणि जो तो आपला हात नेमका तिथे नेतो जिथे त्याची चीजवस्तू असते. डॉर्कसला शोधावं लागतच नसे. ती म्हणायची, हा ओरडणारा माणूस देवाने माझ्यासाठी ठेवलाय, रोज नवा पाठवतो.

चार वर्षांपासून तिच्याबरोबर टॅमसिन होती. टॅमसिन फ्रॉस्ट, वय चोवीस, हडकुळी, तोंडाने फटकळ. आधी पालेभाजीच्या जुड्या विकायची. हिचं काम पुढे उभं राहून ऐन रेट्यात अचानक थबकायचं. मागचा माणूस तिच्यावर आदळला, की डॉर्कसने बाजूने काढायचं, टॅमसिनच्या हातात द्यायचं, आणि तिने निघून जायचं. एका खोलीत राहायच्या दोघी, एकाच गादीवर. डॉर्कसला मूलबाळ नव्हतं. टॅमसिनला आई होती म्हणे, पण ती कुठे होती हे आईलाच ठाऊक.

"मावशी, आता काढायचं काम मी करते," टॅमसिन वर्षभर म्हणत होती. "तू नुसती पुढे उभी राहा आणि थबक. थबकायला सांधे लागत नाहीत."

"तू कोबी निवडल्यासारखी हात घालतेस."

"आणि तू? परवा त्या कारकुनाने मागे वळून बघितलं."

"नाक पुसायला वळला."

"रुमाल तर तुझ्याकडे होता. पुसणार कशाने?"

डॉर्कस भांड्यात हात घालून बसायची. हात गेला हे तिला कळत होतं, पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी नवं विनोदी नाटक लागलं आणि गर्दी पार रस्त्याच्या वळणापर्यंत गेली. डॉर्कसने माणूस निवडला तो गुटगुटीत, चांगल्या कापडाचा, कमरेच्या घड्याळाच्या खिशातून रेशमी फीत लोंबणारा. शेजारी बायको, दोन्ही हातांत पुडा. टॅमसिन थबकली. माणूस आदळला. डॉर्कसची दोन बोटं खिशात गेली, आणि बाहेर येताना सुजलेला सांधा खिशाच्या काठाला अडला.

त्याला कळलं. डॉर्कसला शंकाच नव्हती, कारण त्याचं पोट झटकन आत गेलं. ज्याला कळतं तो ताठ होतो आणि ओरडतो, तीस वर्षांत तिने दुसरं काही पाहिलं नव्हतं. हा ओरडला नाही. तसाच उभा राहिला, मान जराशी तिच्या बाजूला कलली आणि ओठांवर हसू आलं. डॉर्कसला वाटलं, वेडा आहे बिचारा. तिने बोट सोडवलं, घड्याळ ओढलं, टॅमसिनच्या तळव्यात ठेवलं. चार श्वासांनी त्या माणसाने आपला हात हळूच खाली नेला, तो हात हातात घ्यायला. तिथे ना हात होता ना घड्याळ. तेव्हा तो ओरडला.

दारावरच्या शिपायांनी टॅमसिनला जागच्या जागी धरलं. घड्याळ तिच्या मुठीतच होतं. तिने डॉर्कसकडे पाहिलंसुद्धा नाही. धंद्याचा नियमच तो, धरला गेला त्याने गप्प राहायचं आणि सुटला त्याने चालत राहायचं. पण डॉर्कसला चालताही येईना. दार उघडलं होतं, मागून शे-दोनशे माणसांचा रेटा आला आणि तिला उचलून आत घेऊन गेला. तिकिटाचे पैसे तिच्या हातून कोणीतरी ओढूनच घेतले. तीस वर्षं ती त्या दारात उभी राहिली होती, पण अख्खं नाटक तिने कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाचही अंक पाहिले. शेजारची बाई हसून हसून तिच्या खांद्यावर पडत होती. डॉर्कस रडत होती, आणि शेजारणीला वाटलं हीसुद्धा हसून रडतेय.

गुरुवारी ती तुरुंगात गेली. जाळीच्या आड टॅमसिन, केसांत गवताच्या काड्या.

"आलीस मावशी? येताना पाव आणलास की नुसताच सुतकी चेहरा घेऊन आलीस?"

डॉर्कसने पाव दिला. टॅमसिनने अर्धा खाल्ला, अर्धा शेजारच्या बाईला दिला.

"ही इथली वकील," ती म्हणाली. "पाच वेळा उभी राहिलीय न्यायाधीशासमोर. हिला विचार."

ती बाई पाव चावत शांतपणे बोलली. या आतल्या बायका वकिलांपेक्षा जास्त कायदा जाणतात, फी काही न घेता. ती म्हणाली, "बारा पेन्सच्या वरची वस्तू अंगावरून काढली आणि धन्याला पत्ताच लागला नाही, तर ती गुपचूप चोरी. तिला फाशी. त्याला कळलं असेल तर गुपचूप राहिली नाही. मग सात वर्षं समुद्रापार, वसाहतीत. रुमाल असता तर पंचांनी दया येऊन किंमत दहा पेन्स ठरवली असती. सोन्याच्या घड्याळाला दहा पेन्स म्हणायला पंचांचीसुद्धा जीभ अडखळते. त्यामुळे सगळं एवढ्यावर आहे. त्याला कळलं का?"

"आणि तो दंडाधिकाऱ्यासमोर शपथेवर सांगून आलाय," टॅमसिन म्हणाली, "हात इतका हलका होता, की मला काहीच कळलं नाही. हलका म्हणे. तुझी तारीफच केली त्याने."

कायदा बघा. ज्याचा हात सफाईदार त्याला फास, ज्याचा हात अडखळला त्याला जहाज. ज्यांनी तो लिहिला त्यांच्या प्रत्येकाच्या कमरेला घड्याळ होतं, आणि त्यांना चोरीपेक्षा आपण बेसावध सापडलो याचाच राग जास्त होता. ओळीओळीत तो राग दिसतो.

"त्याला कळलं होतं," डॉर्कस म्हणाली. "हसला तो."

"हसला?"

"मी पाहिलं. मी पुढे होऊन सांगते, हात माझा होता..."

"गप्प बस. तू पुढे आलीस की आपल्या दोघींची टोळी. मग एकाच गाडीतून नेतील टायबर्नला, फासाखाली. मला तिथे तुझी सोबत नकोय, तू झोपेत घोरतेस." टॅमसिन वळून गवतात बसली. "खटला सोमवारी आहे," ती पाठमोरी म्हणाली.

तो माणूस हातमोजेवाला निघाला. टोबायस क्लेग, चर्चच्या मागच्या गल्लीत दुकान, दारावर लाकडी पंजा टांगलेला. शुक्रवारी सकाळी डॉर्कस दुकानासमोरून दोनदा पुढे गेली, दोनदा मागे आली. तीन रात्री तिला झोप नव्हती. तिसऱ्या वेळी ती आत शिरली, आणि फक्त बसायला खुर्ची होती म्हणून बसली.

"बोला बाई. बकरीच्या कातड्याचे की लोकरीचे?"

"कातड्याचे."

"हात बघू."

तिने उजवा हात पुढे केला. त्याने मापाची पट्टी बोटांभोवती गुंडाळली. सराईत माणूस, डोळे खिडकीकडे आणि अंगठा काम करतोय. अंगठा मधल्या बोटाच्या सांध्यावर आला आणि थांबला. परत मागे गेला, परत सांध्यावर आला. क्लेगचा चेहरा हळूहळू लाल झाला. लोक तोंडं ओळखतात. हा माणूस बावीस वर्षं हात ओळखत आला होता.

"हा सांधा..." तो म्हणाला.

"दुखतो," डॉर्कस म्हणाली.

"हा मला माहीत आहे."

"असणारच. मंगळवारी भेट झाली आपली."

त्याने मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, तिथून सुईदोऱ्याची चाहूल येत होती, आणि आवाज खाली आणला. "मी आत्ता शिपायाला हाक मारू शकतो."

"मारा ना. पळणारी असते तर आले असते का? फक्त त्याला सांगावं लागेल, हात कसा ओळखला. कळलाच नव्हता तर ओळखला कसा?"

त्याने पुन्हा मागच्या दाराकडे पाहिलं.

"साहेब, पोरीने काढलं नाही. मी काढलं. आणि तुम्हाला कळलं होतं. सोमवारी तेवढंच सांगा, जे खरं आहे ते. ती सात वर्षांसाठी जाईल, पण जिवंत जाईल."

"मी शपथेवर सांगून बसलोय."

"पुन्हा शपथ घालतील. सोमवारची नवी असेल."

"मग विचारतील, कळलं तर ओरडला का नाहीत." त्याच्या कपाळावर घाम आला होता. "काय सांगू मी? माझी गिऱ्हाइकं असतात तिथे. पंचांतले तिघे माझे मोजे घालतात."

"अहो," मागून आवाज आला, "गिऱ्हाइकाचा हात किती वेळ धरायचा?"

मिसेस क्लेग दारात उभी होती. उंच, सडपातळ, ओठांत दोन सुया. क्लेगने हात सोडला तो एखादा निखारा सोडावा तसा. डॉर्कस खोटं बोलायला तोंड उघडणार होती. तीस वर्षांत शेकडो खोटी तयार होती तिच्याकडे, वयाप्रमाणे, कपड्याप्रमाणे. पण आता एकही उचलायची ताकद उरली नव्हती.

"बाई, तुमच्या यजमानांचं घड्याळ मी काढलं," ती म्हणाली. "धरली दुसरीच. यांना कळलं नाही म्हणाले, म्हणून तिला फाशी होईल. यांना कळलं होतं."

मिसेस क्लेगने ओठांतल्या सुया काढून बाहीला टोचल्या. "कळलं होतं?"

"हो."

"आणि ओरडले नाहीत."

"नाही. हसले."

मिसेस क्लेग नवऱ्याकडे वळली.

"युनिस," तो म्हणाला, "मला वाटलं तूच आहेस."

"मी डावीकडे होते. संत्र्यांचा पुडा धरून. दोन्ही हातांनी." ती फळीला टेकली. "बावीस वर्षांत माझ्या हाताने कधी यांना हसू आलं नाही. आलं ते चोराच्या हाताने. दाखवा बघू बाई, असं काय आहे त्या हातात."

तिने डॉर्कसचा हात घेतला, उलटा केला, सुजलेला सांधा पाहिला, बोटांच्या टोकांवरचे सुईचे जुने बारीक डाग पाहिले. तिच्या स्वतःच्या बोटांवर तसेच होते. "कुठे शिवलंत?" तिने विचारलं. डॉर्कसने सांगितलं. बाईने मान हलवली.

"पोरीचं वय काय?"

"चोवीस."

"घड्याळ माझ्या वडिलांचं," मिसेस क्लेग म्हणाली, ती डॉर्कसशी बोलत होती की नवऱ्याशी ते कळेना. "गेलं म्हणून मी रडले. मिळालं परत. मिळालेल्या घड्याळापायी एक पोर लटकवायची आणि त्याच घड्याळात बघून रोज जेवायला बसायचं, हे मला जमणार नाही. अहो, सोमवारी सांगायचं, कळलं होतं."

"लोक हसतील, युनिस."

"हसू देत. तुम्हीसुद्धा हसलाच होतात." मग ती डॉर्कसकडे वळली. "तुम्हाला मी माफ केलेलं नाही. उगाच तसं समजू नका. मोज्यांची आगाऊ रक्कम ठेवा, इथे कोणाचंही माप फुकट घेत नाहीत. पुढच्या शनिवारी न्या."

डॉर्कसने पैसे ठेवले.

सोमवारी न्यायालयात तुरुंगाच्या तापाला भिऊन कठड्यावर कडू पाला पसरला होता. डॉर्कस वरच्या सज्जात मागे उभी राहिली. टॅमसिनच्या खटल्याला अंडं उकडायला लागतो तेवढाच वेळ लागला. क्लेग उभा राहिला तेव्हा त्याची टोपी हातात गरगर फिरत होती.

"काय कळलं तुम्हाला?" न्यायाधीशाने विचारलं.

"हात, हुजूर."

"कळला?"

"चांगलाच कळला, हुजूर."

"मग ओरडला का नाहीत?"

क्लेगने टोपीकडे पाहिलं. "वाटलं, बायकोचा आहे."

"बायको कुठे होती?"

"डावीकडे, हुजूर."

"आणि हात?"

"उजवीकडे."

हशा उसळला. पंच हसले, शिपाई हसले, पंचांतला त्याचे मोजे घालणारा एक जण तर डोळे पुसू लागला. न्यायाधीशाने कागद उलटला. "दंडाधिकाऱ्यासमोर तुम्ही म्हणालात, काही कळलं नाही."

"तेव्हा बायको शेजारी उभी होती, हुजूर."

"आणि आज?"

"आजही आहे. तिनेच सांगायला लावलं."

मग जे हसू फुटलं ते थांबेचना. त्यात मिसेस क्लेग सरळ ताठ बसली होती, मांडीवर हात, एकही स्नायू न हलवता. त्या सगळ्या हसणाऱ्यांमध्ये एका माणसाची अब्रू गेली आणि एका बाईचा जीव राहिला, आणि मला विचाराल तर सौदा स्वस्तात झाला. पंचांनी उठून आत जाण्याचीही तसदी घेतली नाही. चोरी खरी, गुपचूप नव्हे. सात वर्षं समुद्रापार. पुढची, शेळी चोरणारी बाई आणा.

डॉर्कस खाली बसली. तिला वाटलं होतं आनंद होईल. झोप आली फक्त.

एप्रिलच्या सुरुवातीला कैदी नदीवर नेले, सकाळी, साखळीने जोड्याजोड्यांनी बांधून. भरती यायची होती म्हणून होडी थांबली. डॉर्कस धक्क्यावर पोचली तेव्हा टॅमसिन एका ओंडक्यावर बसली होती, साखळीच्या दुसऱ्या टोकाला शेळीवाली.

"आलीस मावशी? ही शेळी चोरायला गेली आणि शेळीच ओरडली. हिला सांगितलं मी, तू नाटकगृहात यायला हवं होतंस, तिथे माणसं हसतात."

पहारेकऱ्याने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. डॉर्कसने त्याला आधीच दारूपुरतं काही दिलं होतं.

"ऐकलंस ना तू सज्जातून?" टॅमसिन म्हणाली. "मी तुला वर्षभर टोचत होते त्या बोटावरून. त्याच मोडक्या बोटाने वाचवलं मला. दहा वर्षांपूर्वीचा हात असता तर मेले असते."

"दहा वर्षांपूर्वीचा हात असता," डॉर्कस म्हणाली, "तर तू धरलीच गेली नसतीस."

टॅमसिन हसली. मग हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि ती नदीकडे बघत राहिली. डॉर्कसने शालीआडून मोजे काढले. क्लेगने चांगले केले होते, दुहेरी टाका, मधल्या बोटाच्या सांध्याला मुद्दाम जागा सोडलेली.

"हे घे."

"ढगळे होतील मला. हे तुझ्या मापाचे आहेत."

"कामाने हात वाढतो. सात वर्षांत भरतील."

"आणि तुझे हात?"

"मला आता कुठे हात घालायचाय."

टॅमसिनने मोजे घातले. बोटांची टोकं रिकामी लोंबत होती. तिने ती शेळीवालीसमोर हलवून दाखवली, बाहुली हलवावी तशी. भरती आली. पहारेकरी ओरडला, आणि जोडी उठली.

डॉर्कस परत आली ती चालत. वाटेत नाटकगृह लागलं. चार वाजायला आले होते, दारात गर्दी घट्ट झाली होती. ती समोरच्या भिंतीला टेकून उभी राहिली. कोणीतरी ओरडलं, "खिसे सांभाळा हो!" हात हलले. कोटाच्या आत, कमरेला, बाईच्या घागऱ्याच्या घडीत, म्हाताऱ्याच्या टोपीत. सगळं दिसलं तिला, एकही निसटलं नाही. अजून दिसत होतं. दार उघडलं, गर्दी आत ओढली गेली, रस्ता मोकळा झाला.

ती भिंतीपासून निघाली. कोपऱ्यावरून एक पाव घेतला. सवयीने दोन मागितले होते, एक परत ठेवला. पाववालीने विचारलं, "पोरगी कुठेय आज?"

"गेली कामाला," डॉर्कस म्हणाली, आणि हात बगलेत धरून खोलीकडे निघाली. खोलीत शिरल्यावर आधी पाणी तापत ठेवायचं होतं.